खोली नंबर बारा

टिपणीबाई काय काम करते असं कोणी विचारलं, की तिची आई सांगायची, "जनावरं काय करतात ते दिवसभर बघत बसते आणि त्याचा पगार घेते." यात खोटं काहीच नव्हतं. प्राण्यांची अक्कल मोजणाऱ्या त्या संस्थेत अकरा खोल्यांत अकरा जातींचे प्राणी होते. कोणी किती वेळा मान वळवली, कोण कुठे थांबलं, कोण कशावर आपटलं, हे सगळं घड्याळ समोर ठेवून तक्त्यावर टिपायचं, एवढंच तिचं काम. सोळा वर्षं तेच केल्यावर माणसाचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहतं? सगळे तिला टिपणीबाईच म्हणायचे. घरीसुद्धा.

घर म्हणजे संस्थेच्याच मागच्या दोन खोल्या. नवरा बोटीवर नोकरीला, सहा महिन्यांतून एकदा उगवायचा, म्हणून ती आईबाबांकडेच राहायची. बाबा अकरा नंबरच्या खोलीत पाच कासवं सांभाळायचे. त्यांची नोकरीची अडीच वर्षं उरली होती. आई बैठकीच्या खोलीची झाडलोट आणि चहापाणी बघायची, एकोणीस वर्षं. म्हणजे अख्खं घरच संस्थेच्या ताटाखालचं. आई म्हणायची, "आपल्यालाही एक नंबर लावून टाका म्हणावं, बारावी जात."

संस्थेचे प्रमुख म्हणजे शिडीवाले सर. त्यांच्या खोलीत भिंतभर एक शिडी रंगवलेली होती. सर्वात कमी अकलेचा प्राणी खालच्या पायरीवर, सर्वात शहाणा वरच्या. शिडीच्याही वर काय आहे ते रंगवलेलं नव्हतं, पण नेमका तिथेच सरांचा फोटो टांगलेला होता. त्यांचा सिद्धांत असा की पाय, पंख, कल्ले हे सगळं जीवाला पुढे जाण्यासाठी मिळालं, पण खरी अक्कल आली ती वळण्यात. समोर घास दिसतोय, मधे काच आहे, बाजूने वाट मोकळी आहे. जो प्राणी घासाकडे पाठ फिरवून बाजूच्या वाटेने जाईल तो पुढे गेलेला. जो काचेवर आपटत राहील तो मागे राहिलेला. सगळ्या खोल्यांत हीच परीक्षा. कावळे दुसऱ्याच दिवशी पास झाले आणि वर टिपणीबाईकडे असं बघायला लागले, जणू तीच परीक्षेला बसलीय. कोंबड्या आपटत राहिल्या. शेळ्यांनी काचच चाटून साफ केली.

सिद्धांत वाईट नव्हता हो. खोट होती ती सरांच्या निःपक्षपातीपणात. हा माणूस निःपक्षपातीपणाच्या इतका आहारी गेला होता, की आठ वर्षांत एकाही खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. "प्राणी दिसला की माया लागते, नाहीतर किळस येते. दोन्हीने निकाल बिघडतो," असं ते म्हणायचे. कोणत्या खोलीत कोण राहतं हे त्यांनी मुद्दाम कळून घेतलं नव्हतं. तक्त्यावर प्राण्याचं नाव लिहायला सक्त मनाई. वर फक्त खोलीचा नंबर. तो तक्ता जायचा आकडेशास्त्र्याकडे. हा गृहस्थ बिनखिडकीच्या खोलीत बसायचा आणि माशी सोडली तर जिवंत जनावर त्याने कधी पाहिलं नसावं. तो आपटण्याची बेरीज करायचा, नुसतं बघत बसण्याला दुप्पट दंड लावायचा, वळण्याची वजाबाकी करायचा आणि तक्त्यासोबत सरांना एक आकडा द्यायचा. सर आकड्याकडे बघून पायरी ठरवायचे. सगळं कसं स्वच्छ.

आणखी एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता: टिपणाऱ्याने प्राण्याला खुणावू नये, बोलू नये, मदत करू नये. टिपणीबाईने तो सोळा वर्षं पाळला. एक ससा काचेपुढे रडकुंडीला आला होता तेव्हा तिने ओठ चावून रक्त काढलं होतं, पण बोट दाखवलं नव्हतं.

तर त्या दिवशी खालच्या बैठकीच्या खोलीत समितीची बैठक होती. समिती म्हणजे सात जण आणि आठवे शिडीवाले सर. मधोमध अध्यक्ष. भारदस्त माणूस, आवाज असा की खिडक्या हादराव्यात, आणि बोलणं असं की त्यातून हाती काही लागू नये. टिपणीबाईला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं, बैठकीचा वृत्तांत लिहायला. मांडीवर वही, वहीखाली सकाळचे तक्ते.

सरांनी घसा साफ केला. "यंदापासून शिडीवर जी जात सर्वात खाली येईल, ती खोली बंद. प्राणी देऊन टाकायचे आणि त्यांची देखभाल करणारा कर्मचारी कमी करायचा. मागासलेल्या जातींवर वेळ घालवण्यात अर्थ नाही."

सातही माना डोलल्या. सर्वात खाली कोण असतं हे टिपणीबाईइतकं कोणाला माहीत असणार? तीच तर टिपायची. परीक्षेला वेळ होता दहा मिनिटं. हा वेळ कधीकाळी उंदरांवरून ठरवला होता. कासव पहिली नऊ मिनिटं नुसतं बघतं. बाबा म्हणायचे, "आधी मान ठरवते, मग पाय उचलतात. आपल्यासारखं नाही, आधी पाय टाकायचा आणि मग कपाळाला हात लावायचा." नऊ मिनिटं झाली की कासव वळायचं आणि एकदाही न आपटता, सरळ बाजूच्या वाटेने, तेराव्या मिनिटाला पाल्यापाशी पोचायचं. पाचही कासवं, दर वेळी. पण दहाव्या मिनिटाला घंटा वाजायची आणि तक्त्यावर लिहावं लागायचं: नापास.

तिने हात वर केला. वृत्तांत लिहिणाऱ्याने हात वर करायचा नसतो, पण केला.

"सर, एका खोलीत दहा मिनिटं पुरत नाहीत. तेरा दिली तर सगळे पास होतात. एकदाही आपटत नाहीत, सर."

"कोणती खोली ते सांगू नका!" सर दचकून म्हणाले. "आणि ज्याला वेळ लागतो त्याला मंद म्हणतात. त्यात नवीन काय?"

"पण निसर्ग काही घड्याळ लावून बसलेला नाही, सर."

"निसर्ग नसेल. मी बसलोय," सर म्हणाले, आणि सगळे हसले. अध्यक्ष सर्वात शेवटी हसले, पण सर्वात मोठ्याने.

टिपणीबाईने पेन्सिल उचलली. तिने मान खाली घालून लिहिलं: "चर्चेनंतर एकमताने मान्य." मग सर म्हणाले, चला, चहा घेऊ.

आता इथे त्या खोलीचं थोडं सांगायला हवं. बैठकीच्या खोलीला लागून चहाची खोली. पूर्वी मधे काचेचं दार होतं. मागच्या डागडुजीत उजेड जास्त यावा म्हणून ते काढून त्या जागी अख्खी काच पक्की बसवली, आणि चहाच्या खोलीत जायला बाजूच्या बोळातून वाट काढली. काच बसवणाऱ्याने जुन्या दाराची मूठ मात्र पुन्हा तिथेच लावून दिली, कारण मूठ काढायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतरची ही पहिलीच बैठक. काचेपलीकडे टेबलावर किटली, कप, बिस्किटं, केकचे तुकडे, सगळं लखलखीत दिसत होतं. उजवीकडे बोळाचं दार सताड उघडं होतं.

अध्यक्ष पुढे झाले आणि त्यांनी मूठ ओढली. मग ढकलली. मग पुन्हा ओढली.

"अडकलंय," ते म्हणाले.

"बघू," म्हणत सर पुढे झाले. त्यांनी ढकलली, मग ओढली. "अडकलंय," त्यांनीही सांगितलं. मग तिसऱ्याने खांदा लावला. चौथ्याने तिसऱ्याला बाजूला सारून त्याच जागी तोच खांदा लावला. पाचवा काचेवर टकटक करून आत कोणी आहे का बघायला लागला. आत कोणी नव्हतं, ते दिसतच होतं, काच होती ती! समितीतली एकुलती एक बाई जराशी बोळाकडे वळली, एक पाऊल टाकलं, मग मागे अध्यक्षांकडे बघितलं आणि परत येऊन घोळक्यात उभी राहिली.

टिपणीबाई सांगणार होती. देवाशपथ, तोंड उघडलंच होतं तिने. पण सोळा वर्षांची सवय, काचेवर कोणी आपटलं की तिची जीभ आपोआप टाळूला चिकटायची आणि हात पेन्सिल शोधायचा. शिवाय मघाचं ते हसणं अजून कानात होतं. तिने वहीखालून एक कोरा तक्ता ओढला. वर खोलीचा नंबर. दारावरच्या पाटीवर होता तो लिहिला: १२. आणि आठ ओळी आखून, नेहमीप्रमाणे नर-मादी लिहून, टिपायला लागली. एक नंबर: आपटला, मागे सरला, आपटला, आवाज काढला. दोन नंबर: पुढच्याचं बघून आपटला. तीन नंबर: दोन नंबरला ढकलून आपटला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. अध्यक्ष आता काचेच्या मधोमध उभे राहून, हे दार बसवलं कोणी, याची चौकशी करायला एक उपसमिती नेमावी असं म्हणत होते आणि बाकीचे माना डोलावत होते. सव्विसाव्या मिनिटाला बोळातून आई आली, पदराला हात पुसत.

"अहो, चहा गार झाला की! इकडून या ना. तिथे काय करताय?"

आठही जण निमूटपणे आईच्या मागे ओळीने बोळातून गेले. बिस्किटं कोणी किती खाल्ली तेही टिपणीबाईने टिपलं. मग सगळ्या तक्त्यांची चळत उचलली, जाता जाता आकडेशास्त्र्याच्या दाराशी ठेवली आणि घरी गेली. डोक्यात एकच विचार होता, बाबांना कसं सांगायचं.

बाबांनी ऐकून घेतलं. ते नेहमीप्रमाणे नऊ मिनिटं काहीच बोलले नाहीत, कासवांबरोबर राहून राहून माणूस तसा होतो. मग म्हणाले, "माझं काय नाही गं. पण आजोबा कुठे जातील?" आजोबा म्हणजे सर्वात मोठं कासव, बाबांच्याही आधीपासून जगात असलेलं. "देऊन टाकणार म्हणजे कोणाला? कोणी तरी अंगणात ठेवील, पोरं पाठीवर बसतील." आणि त्यांचे डोळे भरून आले. टिपणीबाईने आपल्या बापाला रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं नापास, नापास लिहिणारा हात तिचाच होता.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. ही बैठक वरच्या मजल्यावर होती, तिथे पडदा होता म्हणून. सरांनी शिडी पडद्यावर आणली. वर एक नंबर, मग सहा, मग नऊ. टिपणीबाई जीव मुठीत धरून खाली खाली बघत गेली. दहाव्या पायरीवर चार नंबर, म्हणजे कोंबड्या. अकराव्या पायरीवर अकरा नंबर, म्हणजे बाबा आणि आजोबा. आणि त्याच्याही खाली आणखी एक पायरी काढलेली होती. बारा नंबर.

बारा? तिला क्षणभर कळेनाच. मग एकदम लख्ख कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. अगं बाई, तो तक्ता!

सरांना मात्र शिडीला एक पायरी वाढली याचं काही वाटलं नव्हतं. घरात किती खोल्या आहेत हे न बघणाऱ्याला एक खोली वाढली तर काय कळणार? उलट ते खुशीत होते.

"बारा नंबरचा निकाल फार बोलका आहे," ते म्हणाले. "ही जात कळपाने हलते. एक आपटला की दुसरा आपटतो. पहिला का आपटला याची दुसऱ्याला पर्वा नाही. मोठा नर मधोमध उभा राहून आवाज काढतो, पण जागचा हलत नाही. बाकीचे मान डोलावतात, आणि लक्षात घ्या, मान खाण्यासाठी डोलत नाही, मोठ्या नरासाठी डोलते."

अध्यक्षांनी मान डोलावली. मग सगळ्यांनी डोलावली.

"एका मादीने बाजूची वाट पाहिली होती," सर पुढे म्हणाले. "म्हणजे अक्कल आहे. पण कळपाकडे बघून ती परत फिरली. म्हणजे अक्कल वापरायची हिंमत नाही. अशा जातीत उत्क्रांती होते ती फक्त आवाजाची. आणि शेवटी वाट सापडली कशी? तर खाऊपिऊ घालणारी आली, तिच्या मागे गेले. मी म्हणतो, हे प्राणी इतक्या पिढ्या टिकले तरी कसे?"

"कोणीतरी खाऊपिऊ घालतं म्हणून टिकले," अध्यक्ष म्हणाले. "ताबडतोब बंद करा ही खोली."

सगळे हसले. टिपणीबाईला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. बोलावं तर बारा नंबर शिडीवरून जाणार आणि सर्वात खाली येणार अकरा. न बोलावं तर सोळा वर्षांच्या खऱ्या टिपणांवर खोट्याचा शिक्का. तिला बाबांचे भरलेले डोळे आठवले. ती मूग गिळून गप्प बसली. ठराव झाला: खोली क्रमांक बारा बंद, प्राणी हलवावेत, देखभाल करणारा कर्मचारी कमी करावा. आठ सह्या झाल्या.

सही वाळते न वाळते तोच अध्यक्षांना उमाळा आला. "बंद करण्याआधी बघूया तरी, कसे दिसतात."

सरांचा नाइलाज झाला. नाकाला रुमाल लावून, नजर फरशीवर ठेवून ते वरातीच्या पुढे निघाले. खालच्या मजल्यावर दारामागून दारं गेली. नऊ, दहा, अकरा. अकराच्या दारात बाबा हात जोडून उभे होते, त्यांना वाटलं आलेच न्यायला. वरात त्यांच्यासमोरून पुढे गेली आणि बाराच्या पाटीखाली थांबली. अध्यक्षांनी दार उघडलं. लांब टेबल, आठ खुर्च्या, पलीकडे काच.

मग एक जण चाचरत म्हणाला, "इथे तर आपली बैठक होते."

टिपणीबाईला वाटलं, आता पडणार प्रकाश! सरांनी खोलीभर नजर फिरवली, नाकावरचा रुमाल काढला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे प्राणी आधीच हलवलेत," ते म्हणाले, "आणि खोली बैठकीला दिली. कार्यालयाने तत्परता दाखवली म्हणायची!"

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आणि स्वच्छ किती ठेवलीय. वासही नाही."

फक्त ती समितीतली बाई काचेकडे बघत राहिली, मग मुठीकडे, मग टिपणीबाईकडे. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिला कळलं होतं. तिने अध्यक्षांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, कासवं वाचली, गोष्ट संपली. टिपणीबाईलाही तसंच वाटलं होतं. त्या दिवशी तिने बाबांना घट्ट मिठी मारली आणि आजोबांना एक अख्खी काकडी दिली. पण ठराव म्हणजे ठराव. कार्यालयाने नोंदवही उघडली, खोली क्रमांक बाराची देखभाल करणारा कर्मचारी कोण ते पाहिलं, आणि चौथ्या दिवशी आईच्या हातात कागद पडला.

आईने तो स्वयंपाकघरात उभ्याने, मोठ्याने वाचला. "खोली क्रमांक बारामधील प्रजाती निकृष्ट ठरल्याने बंद करण्यात येत असून, त्यांना खाद्य व पाणी पुरवण्याच्या कामातून आपल्याला मुक्त करण्यात येत आहे." तिने कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "एकोणीस वर्षं चहा पाजला मी. आज कळलं कोणाला पाजत होते."

टिपणीबाई मटकन खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. तक्ता, पाटी, शिडी, सगळं. आई ऐकता ऐकता आधी खो खो हसली, मग भडकली.

"तोंड उघडायला काय झालं होतं गं तुला?"

"बाबांची खोली गेली असती."

"मग माझी गेली ती चालली होय?"

"तुझी जाईल असं मला कुठे माहीत होतं, आई!" टिपणीबाई रडायला लागली.

बाबा म्हणाले, "मी उद्या जाऊन सांगतो, अकरा बंद करा."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. "तुमचं सांगून होईतो ते आठही जण निवृत्त होतील." पण कागदाची घडी तिने घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि ते पाहून टिपणीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. नोकरी गेली तर गेली, म्हणाली. "सर, माझी चूक झाली. बारा नंबरच्या तक्त्यावरचे प्राणी म्हणजे..."

"थांबा!" सर खुर्चीतून उठलेच. "नाव घेऊ नका!"

"पण सर, ते प्राणी नव्हतेच. ते म्हणजे..."

सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाई, तुम्हाला कळतंय का? मला नाव कळलं तर आठ वर्षांचं काम बाद होईल! मी वागणं बघितलंय. वागणं निकृष्ट आहे. कोण आहे याच्याशी मला कर्तव्य नाही." आणि कानांवर हात तसेच ठेवून ते शिडीकडे तोंड करून उभे राहिले. आता अशा माणसाला काय सांगायचं? तिने हात टेकले.

पुढच्या महिन्यात खालच्या खोलीत पुन्हा बैठक भरली. चार वाजता पहारेकऱ्याने बोळातून येऊन टेबलावर चहा-बिस्किटं मांडली आणि तो फाटकावर निघून गेला. सर म्हणाले, चला, चहा घेऊ. अध्यक्ष पुढे झाले आणि त्यांनी मूठ ओढली.

मागच्या खेपेला बोळातून गेलेली माणसं ही! पण ती काही वाट बघून गेली नव्हती, आईची पाठ बघून गेली होती. टिपणीबाईने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, सव्वीस झाली. या वेळी कोणी आलं नाही. तिने या वेळी टिपलंही नाही. चाळीसाव्या मिनिटाला तिने वही मिटली, उठली, बोळातून चालत पलीकडे गेली, एक कप चहा ओतला आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश प्यायला लागली. पलीकडे आठ तोंडं काचेला चिकटली होती.

"अहो, दार उघडा!" अध्यक्षांचा आवाज काचेतूनही आला. "त्या चहाच्या बाई कुठायत?"

"कमी केलं त्यांना. तुमची सही आहे."

"मूर्खपणा आहे! परत बोलवा."

"ठराव लागेल, साहेब."

मग काय! आठही जण टेबलाशी बसले आणि ठराव लिहायला लागले. टिपणीबाई बोळातून परत आली तेव्हा समितीतल्या त्या बाईने कागद तिच्या हातात दिला, तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता. खोली क्रमांक बाराच्या कामावर संबंधित बाईंना तात्काळ परत घ्यावं, त्यांच्यावाचून बैठकीचं काम चालू शकत नाही. आठ सह्या.

ती धावत शेजारच्या अकरा नंबरमध्ये गेली. आई आणि बाबा जमिनीवर शेजारी शेजारी बसले होते. काचेपलीकडे पाला ठेवलेला होता, अलीकडे आजोबा मान वर करून बघत होते.

"आई, चल लवकर! परत घेतलं तुला. तिकडे खोळंबलेत सगळे."

आईने कागद वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि पुन्हा काचेकडे बघायला लागली.

"आई, चल ना!"

"थांब गं. आत्ताच कुठे मान वळवलीय त्यांनी," आई म्हणाली. "आजोबांचं खाऊन होऊ दे, मग जाते."

टिपणीबाई दारातच उभी राहिली. भिंतीपलीकडून मूठ ओढल्याचा आवाज येत होता. बाबा थोडे सरकले आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.